मागे सरकायला जागा नाही

वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रसंग नवीन नसेल. मुख्य मंदिर आणि बाजूचा उभा कातळ यांच्या मधल्या जागेत आपण उभे असतो. खालच्या थरातले हत्ती हवे असतात, मधला मजला हवा असतो आणि वरचं शिखरही सोडवत नाही. म्हणून एक पाऊल मागे घ्यायचं, मग अजून एक, आणि मग पाठ कातळाला टेकते. संपलं.

मागच्या हिवाळ्यात मी असाच कातळाला टेकून उभा होतो. हातात सेकंडहँड घेतलेला लायका एम नाइन आणि त्यावर ५० मिमीची लेन्स. फोटोत हत्ती आले तर शिखर जायचं, शिखर घेतलं तर हत्ती जायचे. शेजारी शाळेची सहल आली होती. त्यातला एक पोरगा माझी कसरत बराच वेळ बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "काका, मोबाइलमधे पूर्ण येतंय की!" आणि त्यानं फोनवरचं ०.५ दाबून सगळं लेणं त्यात बसवून दाखवलं.

'काका' जास्त लागलं की ०.५ जास्त लागलं, ते अजून ठरलेलं नाही :-)

असो. त्या दिवशी घरी येऊन हिशोब केला. फिल्मची जुनी चौकट ३६ मिमी रुंद, एम नाइनचा सेन्सरही जवळजवळ तेवढाच. त्यामुळे १० मीटरवरून ५० मिमीच्या लेन्समधे साधारण ७ मीटर रुंदीचा तुकडा बसतो. २१ मिमी लावली तर तेवढ्याच अंतरावरून १७ मीटर बसतात. कैलासचं अंगण साधारण ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद आहे, पण मधला बराच भाग मंदिरानं व्यापलाय. माणसाला उभं राहायला उरते ती कडेची पट्टी. म्हणजे २१ मिमी हवीच. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी बघायला लागलो. आणि जुनी लेन्स शोधता शोधता नेहमीप्रमाणे इतिहासात जाऊन पडलो.

*

या भागात 'मागे सरकायला जागा नाही' ही अडचण सगळ्यात आधी ज्यांच्या वाट्याला आली त्यांतला एक म्हणजे रॉबर्ट गिल. मद्रास आर्मीतला हा अधिकारी १८४४ मधे ईस्ट इंडिया कंपनीनं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला. अजिंठा गावातल्या बारादरीत राहून त्यानं वर्षानुवर्षं तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. पारो आणि गिल यांची कथा ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे आणि २०१२ च्या चित्रपटामुळे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पण गिलनं पुढे कॅमेरा हाती घेतला, हा भाग तेवढा माहीत नसतो.

नकलांचं काय झालं ते आधी सांगतो. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमधे त्या लावल्या होत्या. डिसेंबर १८६६ मधे तिथे आग लागली आणि बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याला येऊन पुन्हा नकला करत राहिले. त्यांतला मोठा भाग १८८५ मधे लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या आगीत गेला. दोनदा बॅकअप घेतला आणि दोन्ही वेळा बॅकअपच जळाला. आमच्या क्षेत्रात अशा माणसाला आपण सुट्टी देऊन घरी पाठवलं असतं.

राहिले ते गिलचे फोटो. १८६४ मधे त्याच्या ७४ फोटोंसह जेम्स फर्ग्युसनचं 'द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया' हे पुस्तक निघालं. त्याच वर्षी दोघांचं शंभर स्टीरिओ फोटोंचं दुसरं पुस्तकही निघालं. छापून प्रती निघाल्या, म्हणून टिकले. एका इमारतीला आग लागली तरी दुसरीकडे प्रत होतीच.

त्या काळच्या फोटोची पद्धत म्हणजे ओली काच. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं आहे तोवर फोटो काढायचा आणि वाळायच्या आत डेव्हलप करायचा. म्हणजे अंधारा तंबू, बाटल्या, पाणी, सगळं लेण्यापर्यंत न्यायचं. अजिंठ्याला खाली वाघूर आहे, तेवढीच सोय. आणि लेन्स? पेट्झव्हालनं १८४० मधे काढलेली लेन्स प्रकाश भरपूर घ्यायची, पण चेहऱ्यासाठी होती, तिचा कोन अरुंद. निसर्गचित्रांच्या साध्या लेन्स जरा रुंद पाहायच्या, पण मंद, आणि सरळ खांब कडेला वाकडे व्हायचे.

स्टीरिओ फोटो म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन. यंत्रातून बघितलं की खांब पुढे-मागे उभे दिसतात. मला वाटतं लेण्यांसाठी ही युक्ती विशेष कामाची होती. रुंदी मिळत नव्हती, तर निदान खोली मिळाली. गिल १८७९ मधे वारला आणि भुसावळला त्याची कबर आहे.

*

रुंद बघणारी लेन्स करायची धडपड त्याच सुमाराला सुरू झाली होती. १८६० च्या दशकात अमेरिकेत हॅरिसनची 'ग्लोब' लेन्स आली. तिची बाहेरची दोन्ही भिंगं मिळून एक चेंडू होतो, म्हणून हे नाव. १८६५ मधे जर्मनीत एमिल बुशची 'पँटोस्कोप' आली. दोघींची कल्पना एकच: मधे छोटं भोक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी सारखीच भिंगं. पुढचं भिंग रेषेला जेवढं वाकवतं तेवढंच मागचं उलटं वाकवतं, आणि रेषा पुन्हा सरळ होते. हिशोब इतका साधा आणि सुंदर आहे की पुढची शंभर वर्षं चांगल्या वाइड अँगल लेन्स याच वाटेनं गेल्या.

पण त्यात एक खोट आहे. कडेला जाणारा प्रकाश तिरका जातो, त्याला लांबचा पल्ला पडतो आणि भोकही त्याला चपटं दिसतं. ढोबळ नियम असा की कोपऱ्यातला उजेड कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घातानं कमी होतो. २१ मिमीच्या लेन्सला ३५ मिमी फिल्मचा कोपरा साधारण ४६ अंशांवर पडतो. कॅल्क्युलेटर काढा: उत्तर ०.२३ च्या आसपास. म्हणजे मधे जेवढा उजेड त्याच्या जेमतेम पाव कोपऱ्यात.

१९०० मधे बर्लिनच्या गोएर्त्स कंपनीनं 'हायपरगॉन' काढली तेव्हा हा प्रश्न टोकाला गेला. एमिल फॉन ह्योघ या माणसानं केलेली ही लेन्स १३५ अंशांच्या आसपास बघायची. कोपऱ्यात काळोखच काळोख. मग त्यांनी काय करावं? लेन्सच्या बरोबर समोर एक छोटी चांदणीच्या आकाराची भिरभिरी बसवली. रबराचा फुगा दाबला की हवेनं ती गरगर फिरायची आणि मधला उजेड अडवायची, कडेचा जाऊ द्यायची. बराच वेळ असं झालं की भिरभिरी बाजूला करायची, थोडा वेळ उरलेला फोटो घ्यायचा, आणि शटर बंद. मधलं आणि कडेचं सारखं!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो. जत्रेतल्या भिरभिऱ्यानं गणित सोडवलंय राव. ही भिरभिरी लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

*

आता उडी मारून ३५ मिमी फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्यांकडे येऊ. लायका १९२५ मधे बाजारात आला. पुढे त्यात रेंजफाइंडर आला: एका खिडकीतून दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. त्यात आरसा नाही. त्यामुळे लेन्सचं मागचं टोक आत घुसून फिल्मच्या अगदी जवळ जाऊ शकतं. दोन्हीकडे सारख्या भिंगांच्या वाइड अँगल लेन्सला नेमकं हेच हवं असतं.

पुढचं मोठं काम आलं हवाई सर्वेक्षणातून. विमानातून फोटो काढून नकाशे करायचे तर लेन्स रुंद हवी आणि रेषा मुळीच वाकता कामा नये. सोव्हिएत रशियात मिखाइल रुसिनोव्ह आणि युरोपात लुडविग बेर्टेले हे दोघे या कामात होते. दोघांनीही बाहेरच्या बाजूला मोठी, वाटीसारखी भिंगं लावली, आणि त्यामुळे कोपऱ्यातला काळोखही थोडा कमी झाला. हीच विद्या मग छोट्या कॅमेऱ्यांत उतरली. बेर्टेलेची २१ मिमी बिओगॉन १९५४ मधे कॉन्टॅक्ससाठी आली. १९५८ मधे लायकासाठी श्नायडर कंपनीनं सुपर-अँग्युलॉन केली आणि त्याच वर्षी रशियात २० मिमीची रुसार आली. १९६३ मधे सुपर-अँग्युलॉनची एफ ३.४ ही सुधारित आवृत्ती आली आणि ती १९८० पर्यंत निघत राहिली.

एसएलआरवाल्यांना हे सुख नव्हतं. तिथे मधे आरसा हलतो, म्हणून लेन्सला लांब राहावं लागतं. त्यासाठी १९५० मधे फ्रान्सच्या आंजेन्यूनं 'रेट्रोफोकस' काढली. ही एक प्रकारची उलटी दुर्बीणच. लेन्स लांब राहूनही रुंद बघते, पण भिंगं वाढतात, आकार वाढतो आणि त्या काळात तरी खांब फुगायचे. रेंजफाइंडरवाले त्यांना हसायचे.

हसणं फार टिकलं नाही. आधी कॅमेऱ्याच्या आत प्रकाशमापक आला आणि सुपर-अँग्युलॉनचं आत घुसलेलं भिंग त्याच्या आड यायला लागलं. मग डिजिटल आलं. २००४ मधे एप्सनचा आर-डी वन हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर आला, २००६ मधे लायका एम एट आणि २००९ मधे पूर्ण फिल्मच्या आकाराचा सेन्सर असलेला एम नाइन.

पहिल्या दोघांचे सेन्सर लहान होते. एप्सनवर २१ मिमी लावली की ती ३२ सारखी बघायची, एम एटवर २८ सारखी. वाइड अँगल घ्यायची आणि कडा कापून टाकायच्या, म्हणजे पुरणपोळी घेऊन कडा फेकण्यासारखं. एम नाइनवर ती परत खरी २१ झाली, आणि खरा घोळही तिथेच दिसायला लागला.

घोळ असा. फिल्म म्हणजे अंगण. ऊन सरळ येवो की तिरकं, अंगणात पडतंच. सेन्सर म्हणजे लाखो छोट्या विहिरी. डोक्यावर सूर्य असला तरच तळाला ऊन जातं, तिरकं ऊन काठालाच अडतं किंवा शेजारच्या विहिरीत डोकावतं. वर प्रत्येक विहिरीवर लाल, हिरवं, निळं झाकण. तिरका प्रकाश चुकीच्या झाकणातून शिरला की रंग चुकतो. सुपर-अँग्युलॉन फिल्मच्या जवळ बसते म्हणून तिचा कडेचा प्रकाश भयंकर तिरका. परिणाम: फोटोच्या एका कडेला तांबूस-जांभळी झाक, दुसरीला हिरवट-निळी, आणि कोपरे काळे.

लायकानं प्रयत्न केले नाहीत असं नाही. विहिरींवरची सूक्ष्म भिंगं कडेकडे जाताना सरकवून बसवली आणि सेन्सरवरची काच ०.८ मिमी इतकी पातळ ठेवली. तरी १९६३ ची लेन्स ती १९६३ चीच. तिच्या कर्त्यांनी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं की 'प्रकाश कुठूनही आला तरी चालेल असं आम्ही गृहीत धरलंय'. लिहिणार तरी कशाला? तेव्हा फिल्म सोडून दुसरं काही नव्हतंच. ज्यांनी दुसऱ्याचा वीस वर्षं जुना कोड सांभाळलाय त्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल. कोडमधे चूक नसते. त्याच्या खालचं जग बदललेलं असतं, आणि काल जो गुण होता तोच आज बग म्हणून नोंदवला जातो. आरसा नाही म्हणून जवळ बसता येतं, ही रेंजफाइंडरची शान होती. डिजिटलला नेमकं तेच सोसलं नाही.

*

हे सगळं माहीत असूनही मी देवगिरीनं मुंबई गाठली. सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात गेलं की जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं अजून सापडतात. एका दुकानात सुपर-अँग्युलॉन एफ ३.४ आहे असं फोनवर कळलं होतं. किंमत साधारण एका बऱ्या स्कूटरएवढी. बायकोनं फक्त एवढंच विचारलं, "आणि कडा तांबड्या येणार हे आधीच माहितीये?" यावर उत्तर नव्हतं.

दुकानदार साठीच्या पुढचे. त्यांनी कापडात गुंडाळलेली लेन्स काढून समोर ठेवली.

"काका, टॉर्च मारून बघू?"

"बघा की. निवांत बघा साहेब."

जुनी लेन्स बघायची एक पद्धत असते. मोबाइलचा टॉर्च मागून मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. दुधाळ धूर दिसला तर आतल्या भिंगांवर साका आहे. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल चमकतंय का, फोकसची रिंग सगळीकडे सारखीच फिरते का, तेही बघायचं. आणि या लेन्सचं खास म्हणजे मागचं भिंग. ते बाहेर आलेलं असतं, टेबलावर नुसतं ठेवलं तरी ओरखडा पडतो. तिला मागचं झाकणही खोल, वेगळं लागतं. इथे ते नव्हतंच.

मागचं भिंग स्वच्छ होतं. पण पुढच्या भिंगाच्या कडेला, आतून, नखाएवढी बुरशी दिसली.

"काका, इथे फंगस आहे."

त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि वाद न घालता म्हणाले, "आहे खरी. मुंबईची हवाच तशी. चार पावसाळे कपाटात ठेवली की झालं. तुम्ही कुठले?"

"संभाजीनगर."

"मग काय! तिकडे कोरडी हवा. वाढायची नाही. साफ करून घ्या एकदा आणि वापरत राहा. लेन्स वापरात असली की तिला काही होत नाही."

बुरशी आणि झाकण मिळून किंमत बरीच खाली आली. किती ते सांगत नाही, बायको हा ब्लॉग वाचते. साफ करून घेतल्यावर काचेवर एक फिकट डाग राहिला. फोटोत तो दिसत नाही.

*

पुढच्या शनिवारी वेरूळ. (मंगळवारी लेणी बंद असतात, बाहेरून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) कैलासचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून दुपारनंतर गेलो. एम नाइनच्या खिडकीत २८ मिमीपर्यंतच्याच चौकटी दिसतात, म्हणून २१ साठी वर वेगळा व्ह्यूफाइंडर लावावा लागतो. एफ ८ वर ठेवून फोकस १.८ मीटरवर लावला की साधारण ९० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. परत रिंगला हात लावायचा नाही. कॅमेरा उभा धरायचा, पण वर वाकवायचा नाही. वाकवला की खांब आत कलतात. सरळ धरायचा आणि खालची जादा जमीन नंतर कापायची.

पाठ त्याच कातळाला टेकवली. या वेळी हत्ती आले, शिखर आलं, आणि खांब दोरीत उभे.

आतल्या अंधारात मात्र परीक्षा होती. फ्लॅश नाही, ट्रायपॉडला परवानगी लागते. पण २१ मिमीला हात थोडा हलला तरी खपतं आणि कॅमेऱ्यात आपटणारा आरसा नाही. श्वास रोखून १/१५ सेकंदाला काढलेले फोटो चक्क स्थिर आले. १९९१ च्या सुमारास बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची चित्रं आतल्या अंधुक उजेडातच, लांब एक्स्पोजर देऊन टिपली, त्यांच्या चिकाटीपुढे आमचं हे काहीच नाही.

घरी येऊन फोटो उघडले. डावी कड तांबूस, उजवी हिरवट. बायको म्हणाली, "बघ."

यावर उपाय आहे. त्याच लेन्सवर, त्याच अ‍ॅपर्चरला, समोर पांढरा बटर पेपर धरून आकाशाचा एक फोटो काढायचा. हा फोटो म्हणजे लेन्स आणि सेन्सर मिळून कुठे किती उजेड खातात आणि कुठे किती रंग सांडतात याचा नकाशा. मग खऱ्या फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला या नकाशातल्या ठिपक्यानं भागायचं. तयार सॉफ्टवेअर मिळतात, पण मी रविवारी दुपारी पायथॉनमधे वीस-पंचवीस ओळी लिहिल्या. कडा स्वच्छ झाल्या. कोपरे चौपट उजळावे लागतात, त्यामुळे तिथली खरखरही तेवढीच वाढते. फुकट काहीच नाही.

स्क्रीनकडे बघताना कळलं की ही तीच भिरभिरी आहे. १९०० मधे ती फोटो काढताना लेन्ससमोर फिरायची आणि किंमत वेळात द्यावी लागायची. माझी नंतर फिरते आणि किंमत खरखरीत द्यावी लागते. त्या पोराच्या फोनमधेही दर फोटोला अशीच एक भिरभिरी फिरते, फक्त त्याला ती दिसत नाही. त्याचा फोटो उन्हात छानच होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आतल्या अंधारात मात्र मी माझाच घेईन.

स्कूटरएवढे पैसे वसूल झाले का? माहीत नाही. एम नाइन पंधरा वर्षांतच म्हातारा झालाय. त्याच्या मूळ सेन्सरवरची काच गंजायची, म्हणून मी बदललेला सेन्सर बघूनच घेतला होता. हा कॅमेरा माझ्या आधी जाणार हे नक्की. लेन्स माझ्यानंतरही कुणाच्या तरी हातात जाईल, कुठल्या सेन्सरवर ते कोण सांगणार. म्हणून एक काम केलं. तिच्या डबीत एक चिठ्ठी ठेवली: मागचं भिंग बाहेर आहे, झाकणाशिवाय ठेवू नये. पुढच्या भिंगाच्या कडेला जुना डाग आहे, फोटोत येत नाही. डिजिटलवर कडांना रंग येतो, दर अ‍ॅपर्चरला पांढऱ्या कागदाचा एक फोटो सोबत काढावा. कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नये.

आणि वेरूळच्या सगळ्या मूळ फाइली, त्या पांढऱ्या कागदाच्या फोटोंसकट, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवल्यात. एक प्रत इथे, एक पुण्यात भावाकडे. गिलच्या नकलांचं वाचल्यावर एवढी अक्कल यायला हरकत नाही.

बाकी पुढच्या शनिवारी.